वजा बावीस

माकडटोपी घालून आई आरशासमोर उभी राहिली आणि मला ती मेलेली दिसली. डिसेंबरातली दुपार होती, पण भिवंडीच्या डिसेंबराला कोण विचारतो; दुकानातला पंखा पाचावर होता आणि तरी दुकानदाराचा सदरा पाठीला चिकटला होता. अख्खं गाव रात्रंदिवस कापड विणतं, पण त्यात मूठभर लोकर सापडायची नाही. तीन दुकानं पालथी घालून आम्ही इथे आलो होतो. या भल्या माणसाने माळ्यावरून एक खोका उतरवला, त्यावरची धूळ फुंकली आणि एक तपकिरी टोपी आईच्या हातात ठेवली. "पहन के देखो अम्मा. बरफ में जाना है तो दो ले जाओ." आईने डोक्यावरचा पदर काढला, टोपी खाली ओढली, आणि तोंडाचं फक्त भुवयांपासून हनुवटीपर्यंतचं एवढंसं उरलं. बाकी सगळं गुंडाळलेलं. वडलांना न्यायच्या वेळी एवढंच तोंड उघडं ठेवलं होतं, शेवटचं बघायला येणाऱ्यांसाठी. आई आरशातूनच म्हणाली, "कशी दिसतंय रे केसरी?" मी म्हणालो, "बरी दिसतेस." ती मेलेली दिसली याने मी हादरलो नव्हतो. हादरलो ते त्यापाठोपाठ छातीतून जे सावकाश खाली उतरलं त्याने. दुःख नव्हतं ते. मला हलकं वाटलं होतं. मी दोन टोप्या घेतल्या आणि तिला रिक्षात बसवून मानकोलीला घरी आणलं.

मी केसरीनाथ, तुळशीरामचा मुलगा, सात वर्षं झाली एडमंटनला पाइपांच्या कंपनीत आहे. तिथे मला के म्हणतात. वडील गेले त्या वर्षी, म्हणजे दोन हजार दोनमध्ये, मी आईला कायमचं तिकडे नेण्याचा अर्ज केला. अर्ज केला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं हे मला पक्कं आठवतं, कारण फॉर्मवर एक थेंब पडला आणि मला तो पुन्हा भरावा लागला. पण सरकारी कागद सावकाश चालतो आणि माणसाचं मन त्याची वाट बघत बसत नाही. चार वर्षांत आईशिवायचं घर आमच्या अंगवळणी पडलं. दर रविवारी फोन, गणपतीत पैसे, एखादा फोटो. अर्ज कुठेतरी पडून आहे हेच बरं होतं, तो आहे म्हणून मी चांगला मुलगा होतो. मग या ऑक्टोबरात पाकीट आलं. वीस जानेवारीच्या आत श्रीमती राहीबाई तुळशीराम यांनी कॅनडाच्या भूमीवर पाऊल ठेवावं, नाहीतर फाइल बंद. विनिताने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "येऊ देत ना. मी कुठे नाही म्हणते?" बायकोने कुठे नाही म्हणते म्हटलं की पुढे काही बोलायचं उरत नाही. त्याच संध्याकाळी ती तळघरातली खोली आवरायला लागली.

त्या खोलीला एक खिडकी आहे, अंगणातल्या गवताच्या पातळीवर. नोव्हेंबरात बर्फ पडला की ती बुजते आणि खोलीत निळसर पांढरा उजेड येतो, सकाळी तोच, संध्याकाळी तोच. भारतात यायच्या आधी एका शनिवारी मी तिथे पलंगावर बसून पाहिलं. वीस मिनिटं बसवलं नाही. आईने जन्मात दिवसाउजेडी घराचं दार लावलेलं नाही. दार लावलं तर माणूस मेलं की काय म्हणून शेजारी धावत येतात. तिला मी सकाळी सातला त्या खोलीत ठेवून जाणार आणि संध्याकाळी सहाला उघडणार. घर तापवणारी भट्टी किती अंशांवर ठेवायची ते शिकवणार, चहाची किटली शिकवणार, दारावर कोणी आलं तर उघडू नकोस हे शिकवणार. आणि दर वर्षी सहा महिने हेच. आमच्याच रस्त्यावर गुरमीतची आई आहे. तिसऱ्या हिवाळ्यात ती म्हातारी घरातल्या सपाता घालून गुरुद्वारा शोधायला निघाली आणि चार घरं पलीकडे कुंपणाला टेकून बसलेली सापडली. जगली, पण दोन्ही हातांचे पंजे काढावे लागले. मी तिला पाहिलंय. गुरमीत तिला चमच्याने भरवतो. म्हणजे माझी भीती खोटी नव्हती. पण ही गोष्ट मी मानकोलीत आल्यापासून ज्याला त्याला सांगत होतो, आणि सांगताना माझ्या आवाजात जो उत्साह यायचा तो मलाच ऐकू यायचा. आईला थंडी बाधेल ही काळजी आणि आई नसली तर बरं ही इच्छा, दोन्ही एकाच पाण्यात कालवलेल्या. चाळून वेगळ्या करायला गेलो की हाताला नुसता चिखल लागायचा.

आई मात्र कामाला लागली होती. जिने मिठागरात जन्म घालवला, गुडघाभर चिखलात भाताची लावणी केली, तिला हिवाळा म्हणजे आणखी एक काम वाटत होतं, शिकलं की येतं असं. पहाटे उठून खाडीच्या बांधावर नुसत्या लुगड्यावर बसायची. दुपारी ओलं फडकं अंगावर घेऊन पंख्याखाली निजायची. मासळीवाली पार्वती दारात टोपली उतरवायची तेव्हा तिच्या बर्फात कोपरापर्यंत हात खुपसून ठेवायची आणि मला हाक मारायची, "बग, बग केसरी, धा मिन्टं झाली!" पार्वती म्हणायची, "राहीबाय, तू कॅनडाला जातंस का सुरमई झायलंस? हात काड, नायतं तुनाच तोलून इकीन." सगळ्या बायका हसायच्या. आईही हसायची, तिचे पुढचे दोन दात नाहीत. मीही हसायचो. मी आणलेले थर्मलचे कपडे तिने एके दिवशी घालून पाहिले. लुगडं सोडायला ती तयार नव्हती. आमच्या आगरी बायकांचं नऊवारी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं, त्याखाली ते काळे घट्ट पाय. "होलीचं सोंग झायलं," असं स्वतःच म्हणाली आणि तसंच घालून गावभर दाखवून आली. फक्त बुटांचं जमेना. तिचे पाय चिखलाने पसरलेले, बोटं पंख्यासारखी फाकलेली, टाचा मिठाने टणक झालेल्या. कुठलाही बूट तिच्या पायात अर्ध्यावर अडकायचा. "तिकडे घेऊ, मापाचे मिळतात," मी म्हणालो. ती पायांकडे कौतुकाने बघत म्हणाली, "यांना काय व्हतंय? तुज्या बापाच्या बिडीचा इस्तू पडलावता यांवर, तरी मना कललं न्हवतं." ते तिला मिठामुळे वाटत होतं. डॉक्टरांनी मला वेगळं सांगितलं होतं, साखरेने तळपाय बधिर झालेत म्हणून. बाकी छाती साफ, रक्तदाब बरा. वैद्यकीय तपासणीत ती पास झाली होती. आता तिला नापास करायला एक थंडीच उरली होती.

भूपेश शाळेत माझ्या बाकावर होता, पडघ्याचा. आता मानकोलीच्या गोडाऊनांत एका कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर आहे. चहा पिताना तो सहज बोलून गेला, "आपल्याकडे मायनस बावीस असतंय चोवीस तास. घेऊन ये की मावशीला. पिक्चरच्या आधी ट्रेलर." तो विसरला असता. मी विसरलो नाही. दोन दिवस ते माझ्या डोक्यात फिरत राहिलं. आत नेऊ, दोन मिनिटांत तिचा जीव घाबरेल, श्वास लागेल, ती स्वतःच म्हणेल, नको रे बाबा, मना न्हाय जमाचं. मग कोणालाच दोष नाही. विनिताला नाही, मला नाही, पडघ्याला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, कमळालाही बोलायला तोंड राहणार नाही. सगळं थंडीवर टाकून मोकळं व्हायचं. विनिताला फोनवर मी सांगितलं, "तिला जरा सवय म्हणून नेतोय." पलीकडून ती मग म्हणाली, "जपून." आम्ही नवरा-बायको एकमेकांना खोटं सांगत नाही, अर्धं सांगतो, आणि उरलेलं अर्धं समोरच्याला आपोआप कळतं.

सत्तावीस तारखेला सकाळी दहाला आम्ही निघालो. आईने सगळंच घातलं होतं. थर्मल, त्यावर लुगडं, दोन स्वेटर, माझा तिकडचा कोट, टोपी, हातमोजे. पायांत तिच्या बाजाराला जायच्या रबरी चपला. उन्हात पाच मिनिटं चालली तर कपाळावरून धारा लागल्या, पण टोपी काढायला तयार नव्हती. हमरस्ता ओलांडून आम्ही गोडाऊनांच्या आवारात शिरलो. आमचं शेत इथेच कुठेतरी होतं. अठ्ठ्याण्णव साली वडलांनी विकलं, सगळ्यांनीच विकली, आणि पाच-सहा वर्षांत भाताच्या जागी पत्र्याच्या शेडी उगवल्या, सगळ्या एकाच मापाच्या, एकाच निळ्या रंगाच्या. मी तिथेच जन्मलेला, पण मला ओ की ठो कळेना कुठे काय होतं. आई चालता चालता थांबली. दोन शेडींच्या मधे जमिनीत सिमेंटचं झाकण होतं, त्यातून पाण्याचा पाइप वर आलेला. ती म्हणाली, "आपली बाव." वडलांनी खणलेली विहीर. मी म्हणालो, "कशावरून?" ती झाकणाला पाठ लावून उभी राहिली, उगवतीकडे तोंड केलं आणि पावलं मोजत निघाली. ट्रकचे ड्रायव्हर बघत होते, डिसेंबरच्या उन्हात कोट-टोपी घातलेली म्हातारी तोंडाने आकडे म्हणत चालली आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचे आकडे संपले ते कोल्ड स्टोरेजच्या शटरपाशी. ती आत अंधारात बघत म्हणाली, "हितं आपलं खलं व्हतं."

खळं म्हणजे काय ते मला ती सांगेपर्यंत आठवलंही नव्हतं, आणि मग एकदम शेणाचा वास आला. दिवाळीनंतर तिथली जमीन ती चोपून चोपून सपाट करायची, शेणाने सारवायची, मधे खांब रोवून त्याला हळदकुंकू लावायची. झोडणी होऊन भात घरी जाईपर्यंत महिनाभर त्या जागेवर कोणी चपला घालून पाय ठेवायचा नाही. लक्ष्मी बसलेली असते. मी सात वर्षांचा असताना नव्या स्लिपरा घालून त्यावरून पळत गेलो होतो. आईने मला पकडून दोन्ही पिंढऱ्यांवर पेंढ्याच्या दोरीने असं झोडपलं की वळ उठले. मग रात्रभर त्या वळांना तिनेच खोबरेल चोळलं, पण चोळतानाही म्हणत होती, पुन्हा केलंस तर पुन्हा मारीन. वडील खळ्यावर राखणीला झोपायचे, मी त्यांच्या कुशीत. तेव्हा थंडी वाजायची. तीच आमची थंडी, एका घोंगडीत मावणारी.

भूपेशने आतल्या छोट्या खोलीत आम्हाला नेलं. "मावशी, गमबूट घाला," म्हणून तीन जोड पुढे केले. एकही जाईना. "राहू दे, चपला आहेत, दोन मिनिटांत काय होतंय," मी म्हणालो. इतक्यात बाहेर गाडी लागली, कोणीतरी "साब, चलान!" म्हणून ओरडलं आणि भूपेश आलोच म्हणत गेला. मी पुढल्या थंड खोलीचं जाड दार ओढलं. आतून धूर बाहेर आला, धूर नव्हे, पण दिसतो तसा. पुढे प्लॅस्टिकच्या पट्ट्या लोंबत होत्या. आईने उंबऱ्याशी चपला काढल्या. शेजारी शेजारी नीट ठेवल्या, वाकून जमिनीला हात लावला, तो हातमोज्यासकट कपाळाला लावला आणि अनवाणी आत गेली. मी पाहिलं. मला दिसलं नाही असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं, पण मी पाहिलं. सात हिवाळे काढलेत मी. पहिल्या वर्षी उघड्या हाताने गाडीची कडी धरली होती तर तळव्याची साल तिथेच राहिली होती. वजा बावीसच्या फरशीवर उघडा पाय काय होतो हे त्या आवारात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. आये, चपला घाल, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. तोंड उघडायचा अवकाश होता. मी मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं. नंतर मी मनाला समजावत राहिलो की मला तिचा खळ्याचा मान मोडवेना. छान समजूत आहे. पण मग मी स्वतः पायांत तिकडचे लोकर भरलेले बूट घालून तिच्यामागून आत कसा गेलो, याचं उत्तर त्यात नाही. या वेळी तिने मला मारलं नाही.

आत आइस्क्रीमचे, मटारचे, कोलंबीचे खोके छतापर्यंत रचलेले. वरून पंख्यांचा एकसारखा घुमणारा आवाज. पिवळे दिवे. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, आता घाबरेल, आता छातीवर हात ठेवेल. एक मिनिट. दोन. तिच्या तोंडातून वाफ येत होती आणि ती त्या वाफेकडे बघून हसत होती. तीन. ती खोक्यांच्या ओळींमधून चालायला लागली. "हितं खांब. हितं तुजा बाप बसाचा. त्या अंगाला कोलम टाकाचो, हिकरं जाडं भात." बोटाने कोलंबीचे खोके दाखवत. पाच मिनिटं झाली. माझ्या नाकातले केस ताठ झाले, डोळ्यांतलं पाणी बोचायला लागलं. मी म्हणालो, "आये, बस झालं. भायेर चल." ती म्हणाली, "थांब रे. मना काय व्हतंय?" सात. ती एका जागी उभी राहिली, जिथे खांब होता म्हणाली तिथे, आणि हात पोटावर बांधले, फोटोला उभं राहतात तशी. आणि त्या वेळी माझ्या लक्षात आलं की तिला सगळं माहीत आहे. ही परीक्षा आहे, आणि परीक्षक पोटचा पोर असला तरी त्याला ती नापास व्हायला हवी आहे. ती बोलली नाही तसं. फक्त माझ्याकडे रोखून बघत राहिली, आणि मी घड्याळाकडे. नऊ. मी तिचा दंड धरून ओढू शकलो असतो. मला राग आला होता, एवढा राग की तिच्या पायांचं काय होतंय ते ठाऊक असूनही मी मोजत राहिलो. बघू किती वेळ. अकरा. बारा.

भूपेश पट्ट्या बाजूला करून आत आला आणि ओरडलाच, "अरे येडा झालास काय? मी समजलो गेलात तुम्ही! बाहेर काढ त्यांना!" मग त्याची नजर खाली गेली. "मावशीच्या चपला?" आईने पाऊल उचललं तेव्हा ते जमिनीपासून सुटताना कागद फाडावा तसा बारीक आवाज झाला. तो तिघांनाही ऐकू आला. आई म्हणाली, "कय न्हाय. मिठागराचे पाय हात माजे." बाहेर उन्हात आल्यावर तिचे ओठ जांभळे होते आणि दात वाजत होते, पण ती विचारत होती, "किती झालं? किती?" मी म्हणालो, "बारा मिनिटं." ती म्हणाली, "तुजी विनिता ऱ्हाते का बारा मिन्टं?" मी म्हणालो, "नाही." तिने माझ्या पाठीवर थाप मारली. घरी जाईपर्यंत तिने वाटेत भेटेल त्याला बारा मिनिटं सांगितली. पार्वतीने तिला त्या दिवशी फुकट बोंबील दिले.

पुढचा आठवडा धावपळीचा गेला. मी चौदा तारखेची दोन्ही तिकिटं पक्की केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. परीक्षा मीच घेतली आणि निकालाने मीच अडकलो. आईने त्या दिवसापासून लोकरीचे मोजे पायांतून काढले नाहीत. दिवसा मोजे, झोपताना मोजे. विचारलं तर म्हणायची, "सवय करतंय." ती टाचांवर भार देऊन चालते हे मला दिसलं होतं. एकदा म्हटलंही, "पाय दुखतायत का?" तर, "नवे मोजे टोचतंत." मला तेवढं उत्तर पुरलं. मग घरात वास यायला लागला. तिने बॅगेत सुकट आणि सोडे भरले होते, तिकडे कुठे मिळणार म्हणून. मी तिच्यावर खेकसलो, "हे विमानात नेता येत नाही, शंभरदा सांगितलं. घरभर वास सुटलाय." तिने पिशवी उचलली आणि पार्वतीला देऊन आली, टाचांवर चालत. वास गेला नाही. बॅगेला लागलाय, मी मनाशी म्हटलं, आणि बॅग उन्हात टाकली. बॅग उन्हात, आई घरात, वास घरात. तरी आणखी एक दिवस मी बॅगेलाच दोष देत राहिलो.

सहा तारखेला कमळा भेटायला आली. आई आता परत कधी दिसणार म्हणून तिने तिला न्हाऊ घालायचं ठरवलं, गरम पाणी काढलं, आईचा हात धरून मोरीत नेलं. मी पुढल्या खोलीत पासपोर्टांच्या झेरॉक्स लावत बसलो होतो. मोजे काढायला आई नको नको म्हणत होती ते ऐकू येत होतं. मग कमळाची किंकाळी. मी उठलो नाही लगेच. हातातले दोन कागद सरळ केले, त्यांना पिन मारली, मग गेलो.

ठाण्याच्या हॉस्पिटलात सर्जनने पाय पाहिले आणि आधी मला विचारलं, भाजलंय का. मी सांगितलं. त्याने आणखी दोघांना बोलावून आणलं. ठाणे जिल्ह्यात थंडीने काळी पडलेली बोटं त्यांनी पुस्तकातच पाहिली होती. साखर वाढलेली, विष वर चढत होतं, थांबण्यात अर्थ नव्हता. उजव्या पायाची चार, डाव्याची दोन. विमानाचं विचारलं तर तो म्हणाला, "तीन-चार महिने विसरा. आणि थंड प्रदेश तर कायमचाच विसरा." मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून विनिताला फोन केला. "डॉक्टर नाही म्हणतात," मी म्हणालो. ती म्हणाली, "अरे देवा." मग म्हणाली, "बिचाऱ्या." आणि मग तिने जो श्वास सोडला तो मी ओळखला, कारण माझाही तसाच सुटला होता. ती रडली, खरंच रडली. मीही रडलो. दोन्ही खरं होतं.

कमळाने भूपेशला गाठलंच. हॉस्पिटलात आईच्या खाटेपाशी, सगळ्यांदेखत. "तुमाला दोगांना दिसलं न्हाय, आई अनवाणी हाय ती?" भूपेश माझ्याकडे बघायला लागला. तो नंतर आला होता, त्याला बोलायचं नव्हतं आणि न बोलताही राहवत नव्हतं. आता येणार, मला वाटलं, आता हे बाहेर येणार, आणि मला चक्क बरं वाटलं असतं. आई गुंगीतून म्हणाली, "त्याला कनाला बोलतंस? मीच काडल्या चपला. त्याला काय ठावं? तो तं घड्याल बगत व्हता." ती माझी बाजू घेत होती. कमळाने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, तिला इथून सोडलं की मी पडघ्याला नेईन, तू जा. तिच्या घरात सहा माणसं आणि दोन खोल्या. मी हो म्हणालो. तिकीट माझ्या एकट्याचं राहिलं, वीस तारीख टळल्यावर फाइल बंद होणार हे आईला समजावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी आईजवळ बसलो. दोन्ही पाय पांढऱ्या बँडेजमध्ये, चौकोनी दिसणारे. ती बरी होती, चांगली शुद्धीवर, भूक लागली म्हणत होती. मी तिला मोसंबी सोलून देत होतो. तिने एक फोड तोंडात टाकली आणि माझ्या कानाशी आली, गुपित सांगावं तशी. "केसरी, एक बरं झायलं. तू बोल्लेलास ना, थंडी पयली बोटांना धरते?" मी म्हणालो, "हो." "मंग आता बोटंच न्हाईत तं धरंल कनाला? बुटान पन जातील आता पाय." ती हसली, पुढचे दोन दात नसलेलं. "इमान कवाचं हाय आपलं?"

मी मोसंबीच्या बिया काढत राहिलो. म्हणालो, "पावसाळा झाला की. मी स्वतः येतो न्यायला."

तिने मनाशी महिने मोजले. "लय दिस हात. तवर सवय मोडंल रे. पाय भरले का मना परत त्या बर्फाच्या खोलीन न्हेयाला सांग भूपेशला. या बारी पंदरा मिन्टं ऱ्हाते, बग तू."

मी म्हणालो, "सांगून ठेवतो."